नोंद कोणाच्या हातची?

मराठवाड्यातील जुन्या पेढ्यांवर मुनीमजींच्या अक्षराला स्वाक्षरीइतकाच मान असे. रोजमेळातील एखाद्या रकमेविषयी वाद निघाला की मालक पान उलटून अक्षर न्याहाळत आणि ‘ही नोंद अमक्याच्या हातची’ एवढे सांगत. पुढची विचारपूस त्या माणसाकडे वळे. आमच्या केजसारख्या तालुक्याच्या गावी तर लिपीच निम्मी ओळख पटवून देई. १९४८ पर्यंत निजामी राजवटीचे सरकारी दप्तर उर्दूत होते, जुने मराठी कागद मोडीत होते आणि व्यापाऱ्यांच्या वह्या बहुधा महाजनी वळणाच्या लिपीत लिहिल्या जात. उरलेली निम्मी ओळख शाईचा रंग, ओळीचा कल आणि आकडा काढण्याची ढब देत असे.

संगणकाने ही सोय आपल्याकडून काढून घेतली. पडद्यावर सर्वांचेच अक्षर सारखे उमटते. मालकाने लिहिले की मुनीमजींनी, कोषाध्यक्षांनी लिहिले की सुट्टीत मदतीला आलेल्या पुतण्याने, हे नुसती नोंद पाहून सांगता येत नाही. म्हणून वेबवर चालणारी कोणतीही प्रणाली उभारताना, मग ती शासनाची असो, पतसंस्थेची असो वा समाजाच्या वसतिगृहाची, हातची खूण मुद्दाम निर्माण करावी लागते. ती कशी करतात आणि ती नसली तर काय ओढवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय तांत्रिक आहे खरा. पण पेढी, विश्वस्त मंडळ वा घरची शेती सांभाळणाऱ्या वाचकांना तो परका वाटू नये.

प्रणालीला प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावे लागतात. आपण कोण, हा पहिला. आपल्याला येथे काय करण्याचा अधिकार आहे, हा दुसरा. संगणकशास्त्रात त्यांना अनुक्रमे ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन म्हणतात. नावे जवळजवळची असल्याने गल्लत होते, आणि ती केवळ शब्दांची राहत नाही. वसतिगृहाचा रखवालदार एखाद्या विद्यार्थ्याला चेहऱ्याने ओळखतो, म्हणून तो त्याला कार्यालयाच्या कपाटाची किल्ली देत नाही. अनेक संस्थांच्या संगणकप्रणालीत मात्र नेमके हेच घडते: जो एकदा आत आला, तो सर्वत्र आला.

या दोन प्रश्नांचे आपल्या रोजच्या जीवनातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सातबारा. केज तालुक्यातील शेतजमीन विकली गेली की दस्ताची नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते आणि ती माहिती ई-फेरफार प्रणालीतून महसूल खात्याकडे जाते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, स्वतःच्या लॉगिनने आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाने प्रणालीत प्रवेश करून गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवतात. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारावरील नाव बदलते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि त्याची सुनावणी होते.

यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, नोंद लिहिणाऱ्याला ती प्रमाणित करण्याचा अधिकार नाही. ही विभागणी संगणकाची देणगी नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, त्यातही कलम १५० चा तो भाग आहे. संगणकाने एवढेच केले की कायद्यातील विभागणी डेटाबेसमधील भूमिकांत उतरवली. पूर्वी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद सरकवून जे साधत असे, तेथे आता प्रणाली विचारते की या लॉगिनची भूमिका कोणती.

वारसनोंदीत या व्यवस्थेचे मोल विशेष कळते. वडील वारल्यानंतर भाऊ अर्ज करतात आणि परगावी दिलेल्या बहिणीचे नाव अर्जात येतच नाही, हे आपल्या भागात नवे नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. तरीही हक्क कायद्यात असणे वेगळे आणि नाव उताऱ्यावर असणे वेगळे. गाळलेले नाव लक्षात येण्याची संधी अर्ज आणि प्रमाणीकरण यांच्या मधल्या पंधरा दिवसांतच असते. लिहिणारा व प्रमाणित करणारा एकच असता किंवा दोघांचा पासवर्ड एकाच चिठ्ठीवर असता, तर ते पंधरा दिवस नुसते कॅलेंडरवरचे राहिले असते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये या रचनेत एक नवी भूमिका आली. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकांची नोंद, जी आजवर तलाठ्याच्या हातची होती, ती शेतकऱ्याच्या हाती आली. खातेदाराने आपल्या मोबाइलवरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, अक्षांश-रेखांशासह ते पाठवावयाचे, तलाठ्याने तपासावयाचे. पुढच्या आवृत्तीत स्वतःची नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभाही मिळाली. भूमिकेची सीमा किती बारीक आखता येते, याचा हा नमुना आहे: लिहिता येईल, पण आपल्याच गटात, बदलता येईल, पण एकदाच आणि दोन दिवसांत.

बीड जिल्ह्याच्या वास्तवात मात्र या सुबक रचनेला एक चीर आहे. दिवाळीनंतर येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. रब्बीचे पीक शेतात, खातेदार फडावर आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक कधी मुलाचा, कधी शेजाऱ्याचा. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. गरज म्हणून ते योग्यच आहे. पण ओटीपी ज्याच्या हाती, तो प्रणालीच्या दृष्टीने खातेदार. विमा, अनुदान, पीककर्ज या साऱ्यांना ती नोंद आधार होते, त्यामुळे फोन कोणाजवळ आहे हा प्रश्न अखेर पैशाशी जाऊन भिडतो. यंत्राला माणूस दिसत नाही. त्याला माणसाजवळची खूण तेवढी दिसते.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती व्यापारी घराण्यांना सुखावणारी आहे. संगणक-सुरक्षेचे प्रारंभीचे शास्त्र बरेचसे लष्कराच्या गरजेतून घडले. गुपित कोणाच्या दृष्टीस पडू नये, ही तेथील मुख्य चिंता. १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन या दोघांनी एका निबंधात म्हटले की व्यापारी जगाची चिंता निराळी आहे: तेथे नोंद कोणी वाचली यापेक्षा ती कोणी व कशी बदलली, हे महत्त्वाचे. आदर्श म्हणून त्यांनी पुढे ठेवली ती द्विनोंदी जमाखर्चाची पद्धत. प्रत्येक बदल ठरावीक रीतीनेच व्हावा, दोन्ही बाजू जुळाव्यात, आणि एका व्यवहाराचे सर्व टप्पे एकाच माणसाच्या हाती असू नयेत. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी भूमिकाधारित अधिकारांची औपचारिक मांडणी केली. थोडक्यात, पेढीवर पूर्वीपासून पाळला जाणारा शिरस्ता विद्यापीठांत सिद्धांत होऊन परत आला!

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. समजा, एखाद्या समाजसंस्थेने विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वेब ॲप्लिकेशन करावयाचे ठरवले. अननुभवी तरुण बहुधा वापरकर्त्यांचा एक तक्ता करतो आणि त्यात ‘ॲडमिन आहे का’ असा हो-नाहीचा एक रकाना ठेवतो. वर्षभर ते चालते. मग लेखापरीक्षक येतात. त्यांना सर्व पाहावयाचे असते, बदलावयाचे काहीच नसते. त्यांना ‘हो’ द्यावे तरी पंचाईत, ‘नाही’ द्यावे तरी पंचाईत. म्हणून आरंभीच वापरकर्ते, भूमिका आणि अधिकार असे निरनिराळे तक्ते करावेत आणि त्यांना जोडणारे दोन तक्ते असावेत: कोणत्या व्यक्तीकडे कोणती भूमिका, आणि कोणत्या भूमिकेला कोणते अधिकार. अर्जदार अर्ज भरतो, लिपिक कागद तपासतो, छाननी समिती शिफारस करते, कोषाध्यक्ष रक्कम वितरित करतात. अधिकार पदाला चिकटतो, माणसाला नाही. विश्वस्त मंडळाची निवडणूक होऊन कोषाध्यक्ष बदलले, तर जोडणीतील एक ओळ बंद करून दुसरी घालावयाची; बाकी काही हलत नाही. एकच गृहस्थ छाननी समितीवर आणि कोषाध्यक्षही असतील, तर त्यांनी स्वतः शिफारस केलेल्या अर्जाची रक्कम त्यांनाच सोडता येऊ नये, हा नियमही येथेच बसवता येतो. लहान गावात माणसे थोडी आणि पदे अनेक असतात, म्हणून तो बसवलेला बरा.

भूमिकेने सर्व भागते असे मात्र नाही. अर्जदाराला अर्ज पाहता यावा, हे ठीक. पण कोणता अर्ज? पुष्कळ प्रणालींत पत्त्याच्या पट्टीतील अर्जक्रमांक एकाने वाढवला की शेजारच्या मुलाचे उत्पन्नाचे दाखले, बँक खाते, आईवडिलांचे नाव असे सारे समोर येते. कारण प्रणालीने ‘हा अर्जदार आहे का’ एवढेच विचारले. ‘हा याचाच अर्ज आहे का’ हे विचारले नाही. वेब-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०२१ च्या आपल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार-नियंत्रणातील त्रुटीला पहिला क्रमांक दिला होता. वधू-वर सूची प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. मुलींची जन्मतारीख, दूरध्वनी, छायाचित्र हे सर्व अशाच एका क्रमांकामागे असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान संस्थेला एवढा दंड होईल असे नव्हे. पण विश्वासाने दिलेली माहिती उघडी पडली तर कुटुंबांना होणारा मनस्ताप दंडात मोजता येत नाही.

पासवर्डाविषयी. तो डेटाबेसमध्ये जसाच्या तसा कधीही ठेवू नये. हे आज प्राथमिक वाटते. पण इतिहास निराळा आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६१ पासून चाललेल्या सामाईक संगणकावर पासवर्ड साध्या अक्षरांत एका फाइलमध्ये होते. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा मिळणारा वेळ अपुरा पडे. १९६२ मध्ये त्याने ती फाइल चक्क छापून घेतली आणि इतरांच्या नावे काम केले. पुढे १९६६ मध्ये दिवसाचा संदेश आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल होऊन प्रत्येक आगंतुकाला सर्वांचे पासवर्ड दिसले. आणि एवढ्या अनुभवानंतरही २००९ मध्ये रॉकयू या कंपनीच्या डेटाबेसमधून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड साध्या अक्षरांतच बाहेर गेले. त्यांत सर्वाधिक आढळलेला पासवर्ड होता १२३४५६.

यावरचा उपाय गिरणीच्या उदाहरणाने समजतो. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही. पासवर्डावर अशी एकमार्गी गणिती प्रक्रिया करून निघालेले पीठ तेवढे साठवावयाचे. त्याला हॅश म्हणतात. वापरकर्ता पुन्हा आला की त्याने दिलेला पासवर्ड पुन्हा दळावयाचा आणि दोन पिठे जुळतात का ते पाहावयाचे. मूळ दाणा कोठेच ठेवलेला नसतो, म्हणून चोराच्या हाती लागत नाही. पण दोघांचा पासवर्ड एकच असला तर पीठही एकच निघेल आणि चोर आधीच दळून ठेवलेल्या पिठांशी ते जुळवून पाहील. यासाठी प्रत्येकाच्या दाण्यात आधी निराळे मीठ मिसळतात. इंग्रजीतही त्याला सॉल्ट म्हणजे मीठच म्हणतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांच्या १९७९ च्या निबंधात ही युक्ती सांगितली आहे. त्याच निबंधात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाल्याची नोंद आहे. एक गंमत अशी की या कामासाठी गिरणी मुद्दाम संथ निवडतात. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-टू या पद्धती सावकाश दळतात. खऱ्या वापरकर्त्याला अर्धा क्षण थांबणे जड जात नाही, कोट्यवधी प्रयत्न करणाऱ्या चोराला मात्र तो अर्धा क्षण परवडत नाही. नव्या कार्यकर्त्याने स्वतःची पद्धत शोधू नये. जगाने तपासलेली वापरावी.

ओळख आणि अधिकार कोठे तपासावयाचे, हेही तितकेच महत्त्वाचे. लिपिकाच्या पडद्यावर ‘मंजूर’ हे बटण दिसत नाही, याचा अर्थ त्याचा मंजुरीचा अधिकार संपला असा होत नाही. बटण लपवले तरी त्यामागची विनंती कोणीही जाणकार थेट सर्व्हरला पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरने मूळ डेटाबेसला विचारले पाहिजे. मूळ नोंदींना न विचारता मधल्याच कोणी होकार दिला तर काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने २०१८ मध्ये सोसले. ११ ऑगस्टला चोरांनी एटीएम कार्डांची विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणाऱ्या मार्गावर स्वतःचा खोटा स्विच बसवला. खात्यात रक्कम आहे का, हा प्रश्न बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. खोटा स्विचच ‘द्या’ म्हणत राहिला. २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये निघाले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. खातेदारांचे पासवर्ड कोणी फोडले नव्हते. विचारणाच मध्ये अडवली गेली होती.

सर्वाधिकार असलेल्या भूमिकेबद्दल मात्र यंत्रापेक्षा माणसाचीच अधिक काळजी घ्यावी लागते. महसुलात कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या असंख्य चुका त्याच कलमाच्या आदेशांनी सुधारल्या गेल्या. असे दार नसेल तर खरी चूकही कायमची राहील. पण दुरुस्तीचे दार रुंद असते आणि त्यातून दुरुस्तीखेरीज इतरही काही आत येऊ शकते. म्हणून त्या दारातून जाणाऱ्याचे नाव, वेळ, कारण, जुनी नोंद आणि नवी नोंद हे पाचही कायम राहिले पाहिजे. जुन्या वहीत चुकीच्या आकड्यावर रेघ मारून वर नवा लिहीत. खाडाखोड करून पान फाडणाऱ्या मुनीमजींना पेढीवर ठेवत नसत. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारा बदल-इतिहास अनिवार्य झाला आहे. भागीदारी पेढ्या व एकल मालकीच्या दुकानांना हा नियम लागू नाही; पण लागू नाही म्हणून सोय बंद ठेवावी, यात मला शहाणपण दिसत नाही.

आणि आपल्या दुकानांत प्रत्यक्षात काय चालते? आडतीच्या हंगामात एकच लॉगिन सकाळी उघडते आणि दिवे मालवताना बंद होते. मालक, मुनीमजी, दिवाणजी, मुलगा सारे त्यातूनच लिहितात. याचे कारण बहुधा आपसांतील विश्वास असते आणि ते कारण मला क्षुद्र वाटत नाही. परंतु सामाईक लॉगिनचा पहिला बळी प्रामाणिक मुनीमच होतो. सोयाबीनच्या एका गाडीचा हिशेब चुकला, तर ती नोंद आपली नव्हती हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी उरत नाही. स्वतंत्र लॉगिन देणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेच त्याचे जुने अक्षर त्याला परत मिळणे होय.

शासनाच्या ई-वे बिल पोर्टलवर ही व्यवस्था तयारच आहे. एका जीएसटी क्रमांकाखाली मालकाला उप-वापरकर्ते करता येतात आणि कोणाला कोणते काम द्यावयाचे ते ठरवता येते. १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना तेथे दोन टप्प्यांनी ओळख पटवावी लागते. उप-वापरकर्त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, मालकाला फोन करून तो विचारावा लागत नाही. मुनीमजींनी काम सोडले, तर त्यांचा उप-वापरकर्ता गोठवण्याची सोय त्याच पानावर आहे. हे काम त्यांच्या अखेरच्या पगाराच्या दिवशीच उरकावे.